प्रत्ययांतून उभे राहणारे विमानतळ

एस्किमोंच्या भाषेत बर्फासाठी शेकडो शब्द आहेत, हे विधान समाजमाध्यमांवर अधूनमधून फिरत असते. मानववंशशास्त्रज्ञ फ्रान्झ बोआस यांनी 1911 मध्ये प्रत्यक्षात चारच शब्दांचा दाखला दिला होता. आकडा फुगवला तो पुढच्यांनी. मुळात ज्यांना एस्किमो म्हटले जाते त्यांपैकी उत्तर कॅनडातील इन्युइट लोकांच्या इनुक्टिटुट भाषेत शब्द मोजण्याला फारसा अर्थ नाही, कारण आपले अख्खे वाक्य तेथे पुष्कळदा एकाच शब्दात मावते, आणि नव्या वस्तूंची नावेही त्याच रीतीने घडतात.

ही रीत म्हणजे मूळ शब्दाला एकामागून एक प्रत्यय जोडत जाणे. 'कङाता' म्हणजे हवेत उचलले जाणे. त्याला 'नेहमी तसे करणारे' या अर्थाचा 'सूक' लावला की 'कङातासूक', म्हणजे विमान. पुढे 'मंडळी' दाखवणारा 'क्कुत' आणि 'ठिकाण' दाखवणारा 'विक' आला की 'कङातासूक्कुविक' हा विमानतळ होतो. तेथे जाणे, जाण्याची गरज, भविष्यकाळ आणि 'मी' हे सारे प्रत्ययांनीच जोडून 'कङातासूक्कुविम्मूरिआकालाक्तुङा' म्हटले की 'मला विमानतळावर जावे लागेल' हे सांगून होते. 'विक'चा क् येथे पुढच्या म् मुळे म् झाला आहे. 'वाक्' आणि 'मय' मिळून 'वाङ्मय' होताना क् अनुनासिक होतो, तसाच हा संधी. फरक इतकाच, की इनुक्टिटुटमध्ये तो पूर्णपणे पुढच्या व्यंजनासारखा होतो. शिकणे या अर्थाच्या 'इलिन्निआक'ला तोच 'विक' लागला की घशातून उच्चारायच्या शेवटच्या क् चा र् होऊन 'इलिन्निआर्विक', म्हणजे शाळा, तयार होते.

नामांनाही प्रत्यय लागतात. मेंदूला 'करिताक' म्हणतात, म्हणून मेंदूसारखा तो संगणक 'करिताउयाक'. इंटरनेटसाठीचा 'इकिआक्किविक' हा शब्द मात्र 'थरांमधून प्रवास' या कल्पनेवर बेतलेला आहे. हरवलेले प्राणी किंवा दूरचे नातलग यांचा ठाव घेण्यासाठी शमन, म्हणजे आत्म्यांशी संवाद साधणारा मांत्रिक, असा प्रवास करतो, अशी समजूत होती. यावरून इन्युइटांना इंटरनेट पूर्वीच ठाऊक होते असे कोणी म्हणत असेल, तर त्याने पुष्पक विमानाचे पुरावे शोधणाऱ्यांच्या पंगतीत बसावे. जुना शब्द नव्या कामाला लावल्याने यंत्र जुने होत नाही.

एकाच वस्तूला दोन बोलींत दोन नावेही पडतात: विमान काही ठिकाणी 'तिङ्मिसूक', म्हणजे 'उडणारे', आहे. डॉक्टरला तर इंग्रजीवरून सरळ 'लूक्ताक' म्हटले जाते. सरकारी कामकाजासाठी अशा संज्ञा प्रमाणित करणारी संस्था कॅनडाच्या नुनावुत प्रदेशाने 2008 च्या इन्युइट भाषा संरक्षण कायद्याखाली स्थापन केली आहे.