डायलिसिस (हिमोडायलिसिस)

किडन्या निकामी झाल्या की रक्तातली घाण आणि अंगात साठलेलं जादा पाणी मशीनने काढायची ट्रीटमेंट म्हणजे हिमोडायलिसिस. पोटात पाणी सोडून घरच्या घरी करायचा वेगळा प्रकारपण आहे, पण आपल्याकडे नुसतं डायलिसिस म्हटलं की मशीनच. साधारण आठवड्याला 3 वेळा आणि दर वेळी 4 तास लागतात, खर्च आणि जाण्यायेण्यापायी बरेच जण 2 वरच भागवतात आणि मग मधल्या दिवसांत दम लागतो, पाय सुजतात. याने किडनी बरी होत नाही, तिचं काम तेवढं मशीन करतं, तेही अर्धमुर्धंच.

पहिलं चालणारं मशीन विलेम कोल्फ या डच डॉक्टरने 1943 साली, देश जर्मनांच्या ताब्यात असताना बनवलं, त्यात सॉसेजला वापरतात तसल्या सेलोफेनच्या नळ्या होत्या. आता डायलायझरमध्ये, म्हणजे मशीनला लावतात त्या रक्ताच्या गाळणीत, केसासारख्या बारीक हजारो पोकळ नळ्या असतात, आतून रक्त जातं आणि बाहेरून उलट्या दिशेने औषधी पाणी, मिनिटाला सुमारे 500 मिली, म्हणजे 4 तासांत 120 लिटर! म्हणूनच सेंटरचा आरओ प्लांट नीट असणं मशीनइतकंच महत्त्वाचं.

खरी जपायची गोष्ट म्हणजे फिस्टुला. हातातली धमनी आणि शीर छोट्या ऑपरेशनने जोडतात, मग शीर फुगून जाड होते आणि तिथे 2 सुया घालता येतात. ही पद्धत 1966 ची. तयार व्हायला दीडदोन महिने लागतात, त्यामुळे डॉक्टर आधीच करून घ्या म्हणतात आणि घरचे "बघू, आयुर्वेदिक चालू आहे" म्हणत टाळतात, मग ऐनवेळी मानेतल्या शिरेत कॅथेटर म्हणजे नळी टाकावी लागते आणि त्यात इन्फेक्शनची भीती जास्त. फिस्टुलावर बोटं ठेवली की फोन व्हायब्रेट व्हावा तशी थरथर लागते, ती रोज सकाळी बघायची, थांबली तर त्याच दिवशी हॉस्पिटल गाठायचं. त्या हाताला बीपीचा पट्टा नाही, रक्त काढणं नाही, सलाईन नाही, घट्ट बांगडी किंवा घड्याळ नाही, त्या कुशीवर झोपणंही नाही. नवीन सिस्टरला हे पेशंटनेच सांगायचं.

दर वेळी आधी आणि नंतर वजन करतात, वाढलेलं वजन म्हणजे बहुतेक पाणीच. एका बैठकीत फार ओढलं तर बीपी पडतं, पोटऱ्यांत गोळे येतात. पाणी कमी प्या सांगून भागत नाही कारण तहान लावतं मीठ, पापड-लोणचं सुटलं की पाणी आपोआप कमी होतं.

आणि भेटायला येणारे शहाळं आणतात! शहाळ्यात पोटॅशियम भरपूर, किडनी ते बाहेर टाकत नाही आणि फार वाढलं तर हृदय बंद पडू शकतं. केळी, टोमॅटो, सुकामेवा यांचंही तेच, भाज्या चिरून उकळून त्यांचं पाणी फेकून द्यायचं. बाजारातलं "लो सोडियम" मीठ तर बिलकुल नको, त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियमच असतं.

महाराष्ट्रात महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत डायलिसिस बसतं, योजनेतल्या हॉस्पिटलात आरोग्यमित्राला (तिथे बसणारा योजनेचा मदतनीस) रेशनकार्ड आणि आधार दाखवून विचारायचं. घरातला डोनर जुळत नसेल तर ट्रान्सप्लांटसाठी नाव झेडटीसीसीच्या (दान केलेल्या अवयवांचं वाटप बघणारं विभागीय केंद्र) यादीत लागतं, ते हॉस्पिटलमार्फतच, आणि नंबर लागेपर्यंत डायलिसिस चालू ठेवावं लागतं.