उकळलं म्हणजे झालं, हे शिशाच्या बाबतीत खोटं

बीड, जालन्याकडे आजही गरोदर बाईला सांगतात, ‘बोअरचं पाणी उकळून पी, म्हणजे काही भीती नाही.’ जंतूंपुरतं ते खरं. पण शिसं किंवा आर्सेनिक उकळून उडत नाही. वाफ जाते, धातू तेवढाच राहतो, म्हणजे उरलेल्या पाण्यात थोडा जास्तच.

दुसरा समज, ‘हे विष कारखान्याच्या शहरात.’ आर्सेनिकचा पट्टा मुख्यतः गंगेच्या गाळाचा, बंगाल-बिहारचा. मराठवाडा बहुतांश काळ्या बेसाल्ट खडकाचा, त्या पट्ट्याबाहेरचा. शिशाला मात्र भूगोल विचारायचा तर तो घरातच विचारावा. भिंतीचा पोपडे सुटलेला जुना रंग (भारतात रंगातल्या शिशाला ९० पीपीएमची, म्हणजे दहा लाख भागांत ९० भागांची, मर्यादा २०१७ मध्ये आली), जुन्या बॅटऱ्या फोडण्याचं काम, भेसळीचा शेंदूर, शिशाचा पिवळा रंग चढवलेली हळद.

सगळ्यात कमी माहीत असलेली गोष्ट हाडांची. लहानपणी अंगात गेलेलं शिसं हाडांत वर्षानुवर्षं साठतं. गरोदरपणात बाळासाठी हाडांतलं कॅल्शियम निघतं, त्याच्यासोबत शिसंही रक्तात येतं आणि वारेतून बाळापर्यंत पोहोचतं. शिशाची सुरक्षित पातळी कोणतीच माहीत नाही. लोह, कॅल्शियम कमी असेल तर शरीर शिसं जास्त शोषतं. म्हणून आशाताई देतात त्या गोळ्या डब्यात पडून राहिलेल्या पाहिल्या की जीव तुटतो. रंग न चढवलेली हळकुंडं आणून घरी दळा. घरात कुणी बॅटरीचं काम करत असेल तर दवाखान्यात ते आवर्जून सांगा. रक्तातलं शिसं तपासता येतं.