नदीचं वय सांगणारा लाव्हा

ग्रँड कॅन्यनच्या पश्चिम भागात टोरोवीप नावाचा कडा आहे. त्याच्या टोकावरून खाली कोलोरॅडो नदीपर्यंत जवळपास ९०० मीटरची सरळसोट उतरण. बहुतेक पर्यटक कॅन्यनच्या दक्षिण काठावर डांबरी रस्त्याने येतात, फोटो काढतात आणि परततात. टोरोवीपला यायचं तर कच्च्या रस्त्याने लांबवर गाडी हाकावी लागते. भूवैज्ञानिक ती हाकतात, कारण इथे लालसर थरांच्या भिंतीवरून काळा लाव्हा ओघळलेला दिसतो. गेल्या दहा लाख वर्षांत काठावरच्या ज्वालामुखींचा लाव्हा अनेकदा या घळईत कोसळला. त्याने नदी अडवली, आणि काही प्रवाह तर नदीच्याच पात्रातून शंभराहून अधिक किलोमीटर खाली वाहत गेले.

नदीने पुढे ते बांध फोडले, पण सगळा लाव्हा काही धुवून नेला नाही. बेसॉल्टचे, म्हणजे थिजलेल्या काळ्या लाव्हाचे, तुकडे आजही भिंतींना उंचावर चिकटून आहेत आणि काहींच्या बुडाशी गोल गुळगुळीत गोटे सापडतात. लाव्हा आला तेव्हा नदीचं पात्र त्या उंचीवर होतं, असा त्याचा अर्थ. आज पाणी त्याच्या कितीतरी खाली आहे. लाव्हाचं वय काढता आलं, तर मधला खडक कापायला नदीला किती काळ लागला हेही काढता येतं.

वय काढण्याची युक्ती सुंदर आहे. खडकात थोडं पोटॅशियम असतं आणि त्यातला किंचित भाग किरणोत्सारी असतो. त्याचा अर्धायुष्यकाल सुमारे १२५ कोटी वर्षांचा, आणि त्याच्या विघटनातून आरगॉन वायू तयार होतो. लाव्हा वितळलेला असतो तोवर आरगॉन निसटून जातो. खडक घट्ट झाला की तो स्फटिकांत अडकून साठू लागतो. म्हणजे लाव्हा थिजतो त्या क्षणी घड्याळ शून्यावर येतं. किती आरगॉन साठला हे प्रयोगशाळेत मोजलं की खडकाचं वय हाती येतं.

मग प्रवास कशासाठी? उपग्रहाच्या चित्रात भिंतीवरचा काळा डाग दिसतोच की! दिसतो, पण त्याच्या खालचे दगड नदीचे की कड्यावरून ढासळलेले, हे चित्रातून कळत नाही. ढासळलेले दगड टोकदार आणि आसपासच्याच खडकाचे असतात. नदीचे गोटे घासून गोल झालेले, आणि त्यांत शेकडो किलोमीटर वरच्या डोंगरांचे तुकडे मिसळलेले. शिवाय नमुना कुठून फोडायचा हाही प्रश्न असतोच. पाण्याला लागून झटकन थंड झालेली काचेसारखी कडा या मोजणीसाठी भरवशाची नसते, कुजलेला पृष्ठभागही नसतो. आतला ताजा, बारीक स्फटिकांचा दगड हवा. त्यासाठी भिंग आणि हातोडा घेऊन तिथे जावंच लागतं.

अशा तुकड्यांवरून जो वेग निघाला तो असा: कॅन्यनच्या पूर्व भागात दहा लाख वर्षांत साधारण १६० मीटर, पश्चिमेकडे सुमारे १०० मीटर. वर्षाला मिलिमीटरच्या एक-दोन दशांशांइतकं. आता साधा भागाकार करून पाहा. दीड किलोमीटर खोल घळई या वेगाने कापायला पूर्वेकडेही नव्वद लाखांहून अधिक वर्षं लागतील. पण कॅन्यनच्या पश्चिम तोंडाशी साठलेल्या गाळाचं म्हणणं वेगळं आहे. सुमारे ६० लाख वर्षांपूर्वीपर्यंतच्या थरांत कोलोरॅडोने आणलेला गाळच नाही. नदी तिथून वाहू लागली ती त्यानंतर.

या तिढ्यात २०१२ मध्ये आणखी एक आकडा येऊन पडला: सात कोटी वर्षं. ॲपेटाइट नावाच्या खनिजात हीलियम साठतं, पण खडक साधारण ७० अंश सेल्सिअसखाली आल्यावरच ते टिकून राहतं. वरचं ओझं कापलं गेलं की खोलवरचा खडक थंड होतो, म्हणून हीलियमवरून त्यावरचं आवरण कधी हटलं याचा अंदाज येतो. पश्चिम भागातल्या नमुन्यांवरून दोघा संशोधकांनी दावा केला की घळई डायनोसॉरांच्या काळातच बरीचशी कोरली गेली होती. बरीच वादावादी झाली. २०१४ मध्ये दुसऱ्या गटाने सुचवलं की कॅन्यनचे काही तुकडे खरोखर जुने आहेत, काही अगदी नवे, आणि सुमारे ५० ते ६० लाख वर्षांपूर्वी नदीने ते एकमेकांना जोडले. मला हे उत्तर पटतं. भूगोलाच्या पुस्तकात नदीची घळई म्हणजे एका दमात खणलेला चर वाटतो, आणि तसं असण्याचं काहीच कारण नाही.

या घळईतून जाणारी पहिली नोंदलेली वैज्ञानिक मोहीम जॉन वेस्ली पॉवेल यांची. मे १८६९ मध्ये नऊ माणसं आणि चार लाकडी नावा घेऊन ते वायोमिंगमधल्या ग्रीन रिव्हरहून निघाले. यादवी युद्धात शायलोच्या लढाईत त्यांचा उजवा हात गेला होता, तरी कडे चढून उंची मोजायचं काम ते स्वतः करत. सुमारे तीन महिन्यांनी ते बाहेर पडले तेव्हा दोनच नावा आणि पाच माणसं सोबत होती. एकाने सुरुवातीलाच रजा घेतली होती, आणि शेवटच्या खळाळांना घाबरून तिघे जण कडा चढून निघून गेले ते कायमचेच. लाव्हाचे ते काळे ओघळ पॉवेल यांनी नावेतून पाहिले आणि आग व पाण्याची तिथे केवढी झुंज झाली असेल, असं लिहून ठेवलं.

अजून न थिजलेल्या लाव्हाचं काम अगदी वेगळ्या तऱ्हेचं असतं. हवाईतल्या किलाउएआवर लाव्हा साधारण ११५० अंशांना बाहेर पडतो. भूवैज्ञानिक उष्णतारोधक हातमोजे घालून, तोंडावर गाळणीचा मुखवटा लावून हातोड्याने त्याचा एक गोळा उचलतात आणि पाण्याच्या बादलीत बुडवतात. झटकन थंड केला तर आतली रचना गोठून राहते, सावकाश थंड झाला तर नवे स्फटिक वाढून ती बदलते. गुळगुळीत, दोरीच्या वळ्यांसारख्या पृष्ठभागाच्या लाव्हाला पाहोएहोए आणि खडबडीत, धारदार तुकड्यांच्या लाव्हाला आआ म्हणतात. हे हवाईतल्या लोकांचे शब्द, आता जगभर चालतात. २०१८ च्या मे ते ऑगस्टदरम्यान याच ज्वालामुखीच्या पूर्व उतारावरच्या भेगांतून इतका लाव्हा बाहेर आला, की ७०० हून अधिक घरं गाडली गेली. तिकडे शिखराखालचं कोठार रिकामं होत गेलं आणि विवराचा तळ काही ठिकाणी ५०० मीटर खचला. ग्रँड कॅन्यनच्या एक तृतीयांश खोलीएवढा खड्डा, एका उन्हाळ्यात!

सगळे ज्वालामुखी इतके सोसत नाहीत. १८ मे १९८० च्या सकाळी अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातल्या माउंट सेंट हेलेन्सचा उत्तर उतार कोसळला आणि स्फोट आडवा सुटला. सुमारे दहा किलोमीटरवरच्या निरीक्षण चौकीत डेव्हिड जॉन्स्टन हे तरुण ज्वालामुखीतज्ज्ञ होते. ते वाचले नाहीत. एकूण ५७ माणसं गेली आणि डोंगराची उंची ४०० मीटरने कमी झाली. याच डोंगराची एक जुनी राख पुढच्या गोष्टीत कामाला येणार आहे.

सेंट हेलेन्सपासून पूर्वेला, वॉशिंग्टन राज्याच्या अंतर्भागात, ओसाड काळ्या खडकाचा एक प्रदेश आहे. तिथे कोरड्या घळई आहेत, त्यांत नद्या नाहीत. पाच किलोमीटरहून रुंद आणि १२० मीटर उंच असा कोरडा धबधबा आहे. १९२० च्या दशकात जे हार्लेन ब्रेट्झ नावाचे भूवैज्ञानिक दर उन्हाळ्यात विद्यार्थ्यांना घेऊन हा मुलूख पायी तुडवत होते. १९२३ पासून ते मांडू लागले की हे सगळं एका प्रचंड पुराने, फार थोड्या काळात कोरलं. त्या काळच्या भूविज्ञानाला हे पचणारं नव्हतं. जमीन हळूहळूच घडते, हे तत्त्व मोठ्या कष्टाने प्रस्थापित झालं होतं, आणि अचानक आलेला महापूर म्हटलं की पुराणकथेचा वास यायचा. १९२७ मध्ये वॉशिंग्टन शहरातल्या सभेत ज्येष्ठांनी ब्रेट्झ यांना घेरलं. त्यांतल्या बऱ्याच जणांनी तो प्रदेश पाहिलेलाही नव्हता.

पाणी आलं कुठून, हा मात्र त्यांचा रास्त प्रश्न होता. उत्तर जोसेफ पार्डी या भूवैज्ञानिकाकडे होतं. हिमयुगात बर्फाच्या जिभेने एक नदी अडवली होती आणि त्यामागे मोंटानात दोन हजार घनकिलोमीटरहून जास्त पाण्याचं सरोवर साठलं होतं. बर्फाचा बांध तरंगला, फुटला, आणि सरोवर काही दिवसांत रिकामं झालं. ओढ्याच्या वाळूवर बोटभर लाटा उमटतात तशाच, पण कित्येक मीटर उंच खडीच्या लाटा पार्डींनी सरोवराच्या तळावर दाखवून दिल्या. १९६५ मध्ये भूवैज्ञानिकांचं एक आंतरराष्ट्रीय पथक हा प्रदेश फिरून आलं आणि त्यांनी ब्रेट्झ यांना तार केली: आता आम्ही सगळेच महाआपत्तीवाले. १९७९ मध्ये त्यांना भूविज्ञानातलं मानाचं पेनरोझ पदक मिळालं तेव्हा ते नव्वदी केव्हाच ओलांडून गेले होते.

एवढा कठीण बेसॉल्ट काही दिवसांत कसा कापला जाईल? तो कापला गेलाच नाही, उपटला गेला. लाव्हा थंड होताना आकसतो आणि त्याला उभ्या भेगा पडून बहुकोनी खांब तयार होतात. नेहमीची नदी वाळू-गोट्यांनी खडक घासते, मिलिमीटर मिलिमीटर करत. पूर पुरेसा मोठा असला की पाणी भेगांत शिरून खांबच्या खांब उचकटून नेतं. टेक्सासमध्ये २००२ साली एका धरणाच्या सांडव्यावरून आलेल्या पुराने असंच केलं. भेगाळलेल्या चुनखडकात सरासरी सात मीटर खोल, दोन किलोमीटरहून लांब घळ तीनेक दिवसांत तयार झाली. त्यामुळे घळईचा नुसता आकार पाहून तिला लागलेला काळ सांगायला जाऊ नये.

आता ती राख. वॉशिंग्टनमध्येच, वाला वाला गावाजवळ, १९२६ साली कालवा तुंबला म्हणून पाणी एका लहान चरात सोडण्यात आलं. सहा दिवसांत त्या चराची तीस मीटरहून खोल घळई झाली. खडक नव्हताच तिथे, जुन्या पुरांचा मऊ गाळ होता, आणि तो भिंतींत थरांवर थर असा उघडा पडला. भूवैज्ञानिक रिचर्ड वेट यांनी १९८० मध्ये मांडलं, की सुमारे ४० थर म्हणजे सुमारे ४० वेगवेगळे पूर. एकाच पुराच्या हेलकाव्यांनीही थर पडू शकतात, मग हे कशावरून? एका थराच्या माथ्यावर सेंट हेलेन्सची १६ हजार वर्षांपूर्वीची राख स्वच्छ पट्ट्यासारखी पसरलेली आहे. वाहत्या पाण्यात ती अशी टिकली नसती. जमीन कोरडी होती, राख पडली, आणि नंतर पुढचा पूर आला. ब्रेट्झ यांच्या एका महापुराचे आता डझनावारी पूर झाले आहेत.

दुसऱ्या टोकाला अंटार्क्टिकातल्या मॅकमर्डोच्या कोरड्या दऱ्या आहेत. तिथे पाऊस पडत नाही, आणि जो थोडा बर्फ पडतो तो वारा उडवून नेतो. त्यांतल्या बीकन दरीत ८० लाख वर्षांपूर्वीची ज्वालामुखीची राख पृष्ठभागाजवळच सापडली आहे. इतक्या काळात कोलोरॅडोने शेकडो मीटर खडक खाल्ला, आणि इथे भुसभुशीत राखही जागची हलली नाही.

वॉशिंग्टनच्या त्या ओसाड प्रदेशात हल्ली मंगळाचे अभ्यासकही येतात. मंगळावरच्या काही रुंद कोरड्या पात्रांत, पाण्याने दोन्ही बाजूंनी तासल्यासारखी थेंबाच्या आकाराची बेटं दिसतात. तशीच बेटं इथे आहेत. पाथफाइंडर यानासाठी एरीस व्हॅलिस या पात्राच्या तोंडाशी जागा निवडली गेली, तेव्हा मोहिमेच्या वैज्ञानिकांनी १९९५ मध्ये या भागात फिरून महापुराने टाकलेले दगड कसे पडतात ते पाहून घेतलं. ४ जुलै १९९७ ला यान उतरलं आणि त्याच्या कॅमेऱ्यात एकाच दिशेला कललेले, काही गोलसर दगड दिसले. त्या पुराचं वय मात्र अजून उल्कांनी पाडलेली विवरं मोजून काढलेल्या अंदाजावरच आहे. तिथला दगड फोडून त्यातला आरगॉन मोजायला अजून कोणी गेलेलं नाही.