गव्हातलं बंद पडलेलं सहावं जनुक

कणकेचा गोळा पाण्याखाली चोळत राहिलं की स्टार्च धुऊन जातो आणि हातात चिवट लगदा उरतो. हे ग्लुटेन. त्यातल्या ग्लायडिनमुळे कणीक ताणली जाते, ग्लुटेनिनमुळे ती पुन्हा आखडते. ग्लुटेनिनचे जड घटक दाण्यातल्या प्रथिनांच्या जेमतेम १० टक्के, पण पाव फुगेल की बसेल हे बरंचसं तेच ठरवतात.

पावाच्या गव्हात ए, बी, डी असे तीन पूर्वजांचे संच मिळून ४२ गुणसूत्रं असतात. जड घटकांची जनुकं १ए, १बी, १डी या गुणसूत्रांच्या लांब भुजेवर, प्रत्येकी एक्स आणि वाय अशा जोडीने. हिशेबाने सहा प्रथिनं हवीत. मिळतात तीन ते पाच. १ए वरचं वाय जनुक बंद असतं: कुठे मध्येच थांब्याची खूण आलेली, कुठे उडता डीएनए-तुकडा घुसलेला. फक्त ए आणि बी संच, म्हणजे २८ गुणसूत्रं असलेल्या आपल्या बन्सी गव्हातही तीच गत.

हे जनुक ट्रिटिकम बोइऑटिकम या फक्त ए संच असलेल्या रानटी गव्हात चालू सापडतं. उरार्तू हा दुसरा रानटी गहू ए संचाचा मूळ दाता; त्यात मात्र काही नमुन्यांत चालू, काहींत बंद, म्हणून एकच नमुना तपासून भागत नाही. वाय प्रथिनात सिस्टिन हे गंधक असलेलं अमिनो आम्ल साधारण सात ठिकाणी असतं, एक्समध्ये चार. सिस्टिनमधल्या गंधकाच्या बंधांनीच ग्लुटेनचं जाळं विणलं जातं, म्हणून ही शोधाशोध.

खपली गव्हातही डी संच नाही. ग्लुटेनमुळे आतड्याला इजा होणाऱ्या सिलिॲक आजारात कुप्रसिद्ध असलेला ३३ अमिनो आम्लांचा ग्लायडिन-तुकडा डी संचातून येतो, तो खपलीत नसतो. पण ए आणि बी संचांचे घातक तुकडे असतातच. खपली ‘ग्लुटेनमुक्त’ म्हणून विकणं रुग्णाच्या जिवाशी खेळणं आहे.

चालू जनुक बन्सीत आणायचं तर त्याचा बोइऑटिकमशी संकर करावा लागतो, आणि त्या संकरात २१ गुणसूत्रं येतात. ए च्या सात जोड्या जुळतात, बी ची सात एकटी पडतात, परागकण जवळजवळ वांझ निघतात. म्हणून पुढच्या संकराला परागकण बन्सीचेच घ्यायचे. दाणा सुकत असेल तर गर्भ काढून पोषक माध्यमावर वाढवायचा. पुढे दर पिढीत दाणा अर्धा कापायचा: गर्भाकडचा भाग पेरणीला, उरलेला कुटून तपासणीला. ५० टक्के प्रोपेनॉलमध्ये ६० अंश सेल्सिअसला ग्लायडिन काढून टाकायचं, मग गंधकाचे बंध तोडून ग्लुटेनिन जेलवर, म्हणजे प्रथिनं आकाराप्रमाणे पट्ट्यांत वेगळी करणाऱ्या थरावर, चालवायचं. इथे डीएनएच्या प्रती वाढवून पाहणाऱ्या पीसीआर चाचणीवर विसंबू नये. बंद जनुकाचाही डीएनए वाढतो, प्रथिन बनतं का ते कळत नाही. जेलवरही नवी पट्टी बी संचाच्या पट्टीवर बसू शकते, म्हणून दोन्ही पालक शेजारी चालवावेत.

चार वेळा बन्सीशी उलट संकर केल्यावर रानटी वाटा सरासरी ३ टक्क्यांवर येतो. तरी निवडलेल्या जनुकाला चिकटून आलेला गुणसूत्राचा तुकडा सहजी सुटत नाही. ठिसूळ कणीस किंवा बारीक दाणा दिसला, तर ती ओळ जेल कितीही छान असलं तरी टाकावी.