निळं दिसलं की ‘ब्लू पॉटरी’ म्हणू नका

गंगापूर रोडला हस्तकलेचं प्रदर्शन लागलं की दर वेळी तेच कानावर येतं. निळा बाऊल दिसला की ‘ब्लू पॉटरी’, आणि विकणाराही ठोकून देतो, “चाकावर घडवलाय, ताई.” ‘ब्लू पॉटरी’ म्हणजे जयपूरची निळी भांडी. जयपूरचा निळा बाऊल वेगळा आणि स्टोनवेअरचा निळा बाऊल वेगळा. त्यात दिल्लीला पॉटर गुरचरण सिंगांनी स्टोनवेअर केलं, पण त्यांच्या पॉटरीचं नाव ‘दिल्ली ब्लू’, त्यामुळे घोळ आणखी वाढतो.

स्टोनवेअर तुमच्या घरात आहेच, कॉफीचे जाड मग बहुधा त्याचेच. चिकणमाती, चाक, १२०० अंशांच्या आसपासची भट्टी. त्या आचेवर माती दगडासारखी होते.

जयपुरी बाऊल मात्र चिकणमातीचा नसतोच. क्वार्ट्झची भुकटी, काचेची पूड, डिंक आणि थोडीशी मुलतानी माती एकत्र मळतात. या गोळ्याला चिकणमातीसारखा ताण नसतो, चाकावर ओढायला गेलं की तो फाटतो. म्हणून पोळीसारखा लाटून साच्यात बसवतात आणि आत राख दाबून भरतात. चाकावर फार तर काठ किंवा बैठक होते. मग पांढरं अस्तर, त्यावर कोबाल्टची निळी रेघ, तांब्याचा फिरोजी, वरून काचेची झिलई आणि ८०० ते ८५० अंशांवर एकदाच भाजणी. सगळं कसब कुंचल्यात. ही कला संपत आली असताना तिला उभं करणारे कृपालसिंह शेखावत (पद्मश्री, १९७४) मुळात चित्रकार होते. मला हेच काम जास्त आवडतं, म्हणून त्याचं श्रेय चाकाला दिलं की जिवाला लागतं.

ओळखायचं असेल तर बाऊल उलटा करा. झिलई नसलेली कडा जयपुरीत पांढरट, खडूसारखी असते. स्टोनवेअरमध्ये बहुधा करडी किंवा तपकिरी. स्टोनवेअरला टिचकी मारली की खणखणीत वाजतं. चाकावर घडवलेलं असेल आणि आतून बोट फिरवलं तर चाकाच्या वळ्या लागतात, भांडी बाजारातल्या तांब्याच्या हंड्यावर ठोके लागतात तशा.

“बिनधास्त वापरा” असं ऐकून माझ्या मावशीने जयपुरी बाऊलमध्ये उकळती कढी ओतली. काठापासून बुडापर्यंत तडा गेला, निळ्या वेलीच्या मधोमध. शिवाय पारंपरिक झिलईत शिसं असतं, तेव्हा लोणचं, ताक, चिंचेचं सार त्यात नकोच. तो दिवाणखान्यात ठेवा, उजेडाकडे तोंड करून, वेल दिसेल असा.