'टिप' म्हणजे 'टू इन्शुअर प्रॉम्प्टनेस' नव्हे

हॉटेलात बिलासोबत बडीशेपेची वाटी आली, की टेबलावरचा कोणीतरी हमखास सांगतो: टिप म्हणजे 'टू इन्शुअर प्रॉम्प्टनेस', काम पटकन व्हावं म्हणून दिलेले पैसे. जोडीला लंडनच्या जुन्या कॉफीहाऊसची गोष्ट असते. तिथे म्हणे हेच शब्द लिहिलेली पेटी ठेवलेली असे, घाईतलं गिऱ्हाईक तिच्यात नाणं टाकी.

गोष्ट छान आहे, पण व्युत्पत्ती खोटी आहे. आद्याक्षरं जुळवून शब्द घडवायची पद्धत इंग्रजीत रुळली ती विसाव्या शतकात. 'रडार' हा त्याच काळातला. 'टिप' त्याच्या कितीतरी आधीचा. सतराव्या शतकाच्या सुरुवातीला लंडनच्या चोरांच्या सांकेतिक बोलीत 'टिप' हे क्रियापद होतं आणि त्याचा अर्थ होता फक्त 'देणे'. 'टिप मी' म्हणजे 'दे मला'. 1707 च्या एका इंग्रजी नाटकात चर्चच्या सेवकाला अर्धा क्राउन (तेव्हाचं इंग्रजी नाणं) 'टिप' केल्याचा उल्लेख आहे. म्हणजे चोरांच्या तोंडचा शब्द शंभरेक वर्षांत सभ्य माणसांच्या खिशापर्यंत पोचला होता! पुढे अठराव्या शतकातच त्याचं नाम झालं.

मला यातली सगळ्यात आवडणारी गोष्ट म्हणजे आपलं 'बक्षीस'. ते फारसीतून आलं आणि त्याच्या मुळाशीही 'देणे' हेच क्रियापद आहे. फ्रेंच 'पूरब्वार' आणि जर्मन 'ट्रिंकगेल्ड' मात्र सरळ सांगतात, हे पैसे प्यायला!

लवकर काम व्हावं ही अट यांपैकी एकाही शब्दात नाही.