कासव सोडताना सोबत काय सोडतो?

पावसाळ्यात घोडबंदर रोडला किंवा खारघरच्या टेकडीखाली मऊ पाठीचं देशी कासव सापडलं की सगळ्यांचं एकच म्हणणं असतं : ठाण्यात उपवन तलावाला नाहीतर मासुंदा तलावाला नेऊन सोडा. हेतू चांगलाच, पण कासव एकटं जात नाही. त्याच्या अंगावर, आतड्यात आणि बादलीतल्या पाण्यात जंतूंचा गोतावळा असतो. तलावातही कुणीतरी घरच्या टाकीतून आणून सोडलेले रेड-इअर्ड स्लायडर, म्हणजे परदेशी पाळीव कासवं असतात, त्यांचा गोतावळा आणखी वेगळा.

यात तज्ज्ञांचेही हात पोळलेत. स्पेनच्या मायोर्का बेटावर एक दुर्मीळ बेडूक आहे. त्याचा नर अंड्यांची माळ मागच्या पायांना गुंडाळून हिंडतो. जर्सी बेटावरच्या प्राणिसंग्रहालयात त्याची पैदास केली आणि 1991 मध्ये काही बेडूक डोंगरातल्या डोहांत सोडले. पुढे जनुकीय तपासात दिसलं की कायट्रिड, म्हणजे जगभर बेडकांचा फडशा पाडणारी बुरशी, बहुधा त्यांच्यासोबतच बेटावर आली. संशयाची सुई वळली ती दक्षिण आफ्रिकेतल्या एका बेडकाकडे, कारण तो त्याच संग्रहालयात मुक्कामाला होता.

आता गंमत बघा. या बुरशीची ओळख पटली 1998 मध्ये. म्हणजे 1991 मध्ये तिची चाचणी करणार तरी कशी? म्हणून मला चाचणीपेक्षा विलगीकरण महत्त्वाचं वाटतं. वेगळी खोली, वेगळं पाणी, वेगळी जाळी एवढं पाळलं, तर नाव माहीत नसलेल्या जंतूचीही वाट अडते. मायोर्कात नंतर बेडकांची पिल्लं बाहेर काढून औषधाच्या पाण्यात ठेवली, डोह रिकामे करून निर्जंतुक केले. तिथल्या डोहांतून बुरशी हटल्याचं 2015 मध्ये जाहीर झालं. सगळीकडे अशी संधी मिळत नाही. उपवन कोण उपसणार?

युरोपात गोड्या पाण्यातल्या देशी क्रेफिशचा (झिंग्यासारखा प्राणी) प्लेग नावाचा रोग तर ओल्या बुटांवरूनही पसरतो. तिथे सांगतात, बूट आणि जाळी धुऊन खडखडीत वाळवा. जुलैत ठाण्यात काय वाळणार म्हणा! इथे जंतुनाशकालाच पर्याय नाही.

कासव सापडलं तर वनखात्याच्या 1926 या क्रमांकावर फोन करा. माणसं येईपर्यंत ते एकटंच टबात ठेवा, घरच्या माशांच्या टाकीत नको. हात साबणाने धुवा, कारण कासवांकडून माणसाला साल्मोनेला या जिवाणूचा संसर्ग होऊ शकतो.